पहिल्या धारेची, बाराव्या वर्षाची

गोंदियातल्या माझ्या एका मित्राचा भाचा डब्लिनला नोकरी करतो. मागच्या दिवाळीत तो आला तेव्हा त्याच्या बॅगेत दोन स्वेटरांच्या मध्ये गुंडाळलेली एक बाटली होती. रेडब्रेस्ट नावाची आयरिश व्हिस्की. लेबलावर तांबड्या छातीचा इवलासा पक्षी आणि एक आकडा, 12. भाऊबीज आटोपली, बायका-मुलं बाजारात गेली आणि आम्ही चौघं गच्चीवर जाऊन बसलो. मित्रानं रिवाजाप्रमाणे सगळी तयारी केली होती. बर्फाचा ट्रे, सोडा, शेंगदाण्यांत कांदा-टोमॅटो चिरून घातलेला चकणा, आणि पाकिटात चार घड्या घालून ठेवलेला परवाना, ज्याच्यावाचून महाराष्ट्रात कायद्यानं घोटभरही घेता येत नाही. भाच्यानं बर्फ आणि सोडा दोन्ही बाजूला सारले.

"मामा, आधी नुसता वास घ्या."

"वास कशाला? आंबली का बघायचंय?"

तरी मामानं पेला उचलला, ताकाच्या भांड्यात खुपसावं तसं त्यात नाक खुपसलं आणि लगेच डोळे पुसत मागे झाला. आम्ही हसलो, पण चूक त्याची एकट्याची नव्हती. आपल्याकडे दारू ही वास टाळून प्यायची वस्तू आहे. नाक मुरडायचं, घोट मारायचा, वर शेंगदाणे टाकायचे. वास घेण्यासाठी दारू ओतायची ही कल्पनाच आपल्याला चमत्कारिक वाटते.

मामाच्या डोळ्यांत पाणी आलं त्यामागे एक गमतीचं शास्त्र आहे. मिरचीचं तिखट ओळखणारे जे संवेदक आपल्या जिभेवर आणि नाका-तोंडाच्या आतल्या त्वचेत असतात, तेच उष्णताही ओळखतात. एरवी ते साधारण 42 अंश सेल्सियसला जागे होतात. मद्यार्क लागला की त्यांचा उंबरठा 34 अंशांच्या आसपास उतरतो. म्हणजे आपल्याच शरीराची ऊब त्यांना आग वाटायला लागते. घोट घशाखाली 'जाळत' उतरतो तेव्हा जळत काहीच नसतं. फसवलेले मज्जातंतू खोटी वर्दी देत असतात. म्हणून चाखणारे लोक पेला नाकापासून जरा लांब, हनुवटीच्या पातळीला धरतात, तोंड किंचित उघडं ठेवतात आणि घाई करत नाहीत. पेलाही तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता लागतो. मित्राकडे तसला नव्हता. त्याच्या मुलीनं शाळेच्या स्नेहसंमेलनात जिंकलेले दोन काचेचे चषक होते, ते त्या कामी आले.

दुसरा धडा घोटाचा. चमचाभर घ्यायची, जिभेवरून दोन्ही गालांत फिरवायची, गिळायची आणि मग तोंड मिटून नाकावाटे श्वास सोडायचा. खरी चव या शेवटच्या श्वासात कळते. सर्दी झाल्यावर वरण-भातसुद्धा पुठ्ठ्यासारखा लागतो, त्याचं कारण हेच : ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा हिस्सा घशाच्या मागून नाकात चढणारा वास असतो. तिसरा धडा पाण्याचा. भाच्यानं पेल्यात चार थेंब पाणी टाकलं आणि वास खरोखर फुलला. 2017 मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रिडमन या दोघांनी संगणकावर याचा हिशोब मांडला होता. व्हिस्कीतल्या धुरकट वासाच्या ग्वायाकॉल या रेणूला मद्यार्काची संगत आवडते. पाणी वाढलं की मद्यार्क पृष्ठभागाकडे सरकतो आणि ग्वायाकॉलही त्याच्या मागोमाग वर येतो, म्हणजे आपल्या नाकाच्या जवळ. सोड्याची अख्खी बाटली ओतली तर काय होतं, हे मात्र आपण सगळे पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत.

आता परीक्षण. भाच्यानं मोबाइलवर कुणा जाणकारांनी लिहिलेले शब्द वाचून दाखवले : ख्रिसमस केक, शेरी, टॉफी, भाजलेले बदाम. मामा म्हणाला, "मी जन्मात ख्रिसमस केक खाल्ला नाही. मग मला ही कळणारच नाही का?"

प्रश्न अगदी रास्त होता. वासाची स्मरणपेटी ज्याची त्याची असते आणि ती लहानपणीच्या घरात भरली जाते. डब्लिनच्या माणसाच्या पेटीत केक, तर गोंदियाच्या माणसाच्या पेटीत दुसरं काही. म्हणून आम्ही मोबाइल पालथा घातला आणि आमच्या पेट्या उघडल्या. पहिला वास निघाला भिजवलेल्या मनुकांचा, यावर चौघांचं एकमत. मग खारीक. मग वाळलेल्या संत्र्याची साल, जी आमच्याकडे उटण्यासाठी डब्यात भरून ठेवतात. घोट फिरवल्यावर जिभेच्या कडांना आलेपाकाची झणझण आणि तेलकट, गुळगुळीत अंग. गिळून झाल्यावर बराच वेळ मागे रेंगाळली ती जायफळाची चव. मामा इतका वेळ गप्प होता. तिसऱ्या घोटाला तो म्हणाला, "राइस मिलमध्ये कोंड्याची खोली असते ना, सकाळी पहिल्यांदा दार उघडल्यावर येतो तो वास." गोंदिया हा धानाचा, भातगिरण्यांचा जिल्हा, मामानं उमेदीची वीस वर्षं गिरणीत काढलेली. त्याचं हे एक वाक्य मोबाइलवरच्या सगळ्या परीक्षणापेक्षा नेमकं होतं, कारण त्या व्हिस्कीत कच्चं धान्य असतंच.

ते तिथं कसं आलं हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. दारू करायला साखर लागते. जवात साखर नसते, पिष्ट असतं. म्हणून जव भिजवून त्याला मोड आणतात, ते वाळवतात, आणि मोडामुळे तयार झालेली विकरं पिष्टाची साखर करतात. या मोडाच्या जवाला म्हणतात माल्ट. 1785 मध्ये आयर्लंडमध्ये माल्टवर कर बसला. आयरिश माणूस कर भरण्यात आपल्यापेक्षा फार वेगळा नाही. त्यांनी माल्टचं प्रमाण कमी केलं आणि उरलेला जव मोड न आणता तसाच घातला. त्यातून जी जराशी तिखट, तेलकट, धान्याच्या वासाची दारू निघाली ती लोकांना इतकी भावली की कराचं कारण संपल्यावरही ती रीत राहिली. आज तिला सिंगल पॉट स्टिल म्हणतात आणि आमची बाटली त्याच जातीची होती. मामाला आलेला कोंड्याचा वास म्हणजे चुकवलेल्या कराचा वास.

मनुका आणि खारीक आली लाकडातून. भट्टीतून उतरलेली व्हिस्की पाण्यासारखी पांढरी असते. आयरिश कायद्यानुसार ती निदान 3 वर्षं, 700 लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या लाकडी पिंपात, आयर्लंडच्याच बेटावर मुरवल्याशिवाय तिला व्हिस्की म्हणता येत नाही. रेडब्रेस्टसाठी दोन तऱ्हेची जुनी पिंपं वापरतात. एक अमेरिकेतली, कारण तिथल्या कायद्यानं बर्बनला दर वेळी आतून जाळलेलं कोरं ओकचं पिंप लागतं, आणि एकदा वापरलेली पिंपं मग जगभर विकली जातात. दुसरी स्पेनमधली, शेरी या वाइनची. जळलेल्या ओकमधून व्हॅनिलाचा वास येतो, खोबऱ्याची आठवण करून देणारे काही रेणू येतात, आणि शेरीच्या पिंपातून सुका मेवा. लेबलावरचा आकडा त्या मिश्रणातल्या सगळ्यात तरुण दारूचं वय सांगतो. रंगावर मात्र विसंबू नये. आयरिश व्हिस्कीत रंगासाठी जळलेल्या साखरेचा कॅरॅमल घालायला परवानगी आहे. गडद म्हणजे जुनी, हा समज बाटल्या विकणाऱ्यांच्या सोयीचा आहे.

आता गच्चीवरून उठून सालेकसा तालुक्यात जाऊ.

गोंदियाहून हावड्याकडे जाणारी गाडी आमगाव, सालेकसा करत दरेकसाला येते. डोंगर, बोगदा, हाजरा धबधब्याची दरी, आणि पुढे बोरतलाव आलं की छत्तीसगड लागलं. याच डोंगरात कचारगडची गुहा आहे, जिथं माघ पौर्णिमेला गोंड समाजाची यात्रा भरते. या रानात मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गेलात तर आधी नाकाला कळतं आणि मग डोळ्यांना. मोहाची फुलं रात्रीच्या शेवटच्या प्रहरापासून सकाळपर्यंत टपटप गळत असतात. मांसल, फिकट पिवळसर, मण्याएवढी. बायका आणि पोरं टोपल्या घेऊन अंधारातच झाडाखाली पोचतात, कारण उशीर केला तर अस्वल आधी येतं, आणि अस्वलाला रांग लावायची सवय नाही. खालचा पाचोळा जाळून जागा साफ करण्याचीही रीत आहे. त्यातून वणवे लागतात आणि वनखातं दर वर्षी डोकं धरून बसतं.

त्या वासाचं वर्णन कसं करायचं? मी शहरी मित्रांना सांगायचो, 'गोड, थोडा उग्र, थोडा शिजत्या भातासारखा.' भातासारखा हे मी अंदाजानं म्हणत होतो. पुढे कळलं की पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या अभ्यासकांनी मोहाच्या फुलात 2-असिटाइल-1-पायरोलिन हा रेणू कसा तयार होतो त्याचा अभ्यास केला आहे, आणि बासमती, आंबेमोहोर या तांदळांचा सुवास याच रेणूचा. आमच्या भागातला चिन्नोर शिजतो तेव्हा शेजारच्या घरापर्यंत वर्दी जाते, ती हाच रेणू देतो. गोष्ट इथं थांबत नाही. वाघ हद्द आखण्यासाठी झाडांवर जो फवारा मारतो, त्यातही हाच रेणू असल्याचं रतनलाल ब्रह्मचारी या बंगाली शास्त्रज्ञानं दाखवलं होतं. नवेगाव-नागझिऱ्याचे जुने वाटाडे रानात मध्येच थांबून म्हणतात, "भाताचा वास आला, इथून वाघ गेला." धान, मोह आणि वाघ, या जिल्ह्याच्या तीन ओळखी, आणि तिघांचा वास एक. कुठल्याही आयरिश परीक्षकाच्या शब्दसंग्रहात हे बसणार नाही.

फुलं अंगणात वाळवली की मनुकांसारखी तांबूस, चिकट होतात. ती भाजून खातात, कुटून जवसासोबत खातात, पेजेत घालतात; भुकेच्या वर्षांत या फुलानं माणसं जगवली आहेत. आणि त्यांची दारू गाळतात. इथं मोह जवाला मागे टाकतो. त्याला मोड आणावे लागत नाहीत, माल्ट लागत नाही. साखर फुलात तयारच असते. वाळली फुलं पाण्यात भिजवून ठेवली की हवेतलं, फुलावरचं यीस्ट आपलं काम सुरू करतं. काही दिवसांत बुडबुडे येऊन शांत झाले की सडवा तयार. गडचिरोली-गोंदियाच्या वर्तमानपत्रांत 'इतक्या किलोचा मोहसडवा नष्ट' अशी बातमी येते, तो हाच.

मी ही दारू नीट चाखली ती सीमेपलीकडे, कारण महाराष्ट्रात ती घरी गाळणं गुन्हा आहे, तर छत्तीसगड आणि मध्य प्रदेशात आदिवासी कुटुंबाला घरगुती वापरापुरती मुभा आहे. सालेकसा तालुक्यातल्या एका म्हाताऱ्याशी माझी ओळख होती. सगळं गाव त्याला आजा म्हणायचं, मीही म्हणायचो. त्याची लेक बोरतलावच्या पलीकडे दिलेली. तिच्या घरी एका लग्नाच्या निमित्तानं आम्ही दोघं गेलो होतो.

परसात भट्टी मांडली होती. चुलीवर सडव्याचं मोठं मडकं. त्यावर बुडाला भोकं पाडलेलं दुसरं मडकं आणि त्याच्या आत एक लहान भांडं. सगळ्यांत वर गार पाण्याचं पातेलं. सांधे ओल्या मातीनं लिंपलेले. खालून वाफ चढते, वरच्या पातेल्याच्या गार बुडाला लागून तिचं पाणी होतं आणि थेंब आतल्या भांड्यात पडतात. वरचं पाणी तापलं की उपसून गार भरायचं. किती वेळा पाणी बदललं त्यावर दारू किती कडक ते ठरतं. पहिल्या एक-दोन पाण्यांत उतरली ती सगळ्यांत जहाल. 'पहिल्या धारेची' हा आपला वाक्प्रचार इथला. मद्यार्क 78 अंशांच्या आसपास उकळतो, पाणी 100 ला, म्हणून आधी मद्यार्क येतो आणि नंतर पाणी वाढत जातं.

आयर्लंडमध्ये नेमकं उलट आहे. तिथं पहिली धार बाजूला काढतात, कारण तिच्यात नखांच्या पॉलिशसारखे उग्र वास असतात. शेवटचीही काढतात, कारण ती ओल्या कुत्र्यासारखी मारते. ठेवतात ती मधली. आणि बहुतेक आयरिश व्हिस्की एकदा नव्हे, तीनदा गाळलेली असते. चवीच्या बाबतीत ते बरोबर आहेत, असं माझं मत आहे. पहिल्या धारेचं कौतुक ही कडकपणाची भक्ती आहे. नाटकापासून राजकारणापर्यंत आपण सगळीकडे 'पहिल्या धारेची' म्हणून मान डोलावतो. मधल्या धारेचं कौतुक करणारा वाक्प्रचार मराठीत नाही.

आज्यानं भांड्यात बोट बुडवून चार थेंब जमिनीवर सोडले. "पयले देवाले. मंग पावन्याले." मग थोडी चुलीत उडवली. भपकन निळी ज्योत उठली, त्यानं समाधानानं मान हलवली. हे त्याचं परीक्षण. इंग्लंडमध्ये एके काळी बंदुकीच्या दारूवर दारू ओतून ती पेटते का पाहत, त्याचाच हा भाऊबंद. मग पळसाच्या द्रोणात माझ्या वाट्याची आली. कोमट होती. मी गच्चीवरचे धडे आठवून द्रोण हनुवटीशी धरला, तेव्हा घरातल्या पोरी पदराआड हसल्या. आधी धूर, सरपणाचा. त्याच्यामागे फुलाचा उग्र गोडवा, काकवीसारखा. घोट घेतल्यावर जिभेवर पिकल्या टेंभराचा तुरटपणा, आणि शेवटी काहीतरी तुपकट, चारोळी चावल्यासारखं. आग होती, पण घाईची, तरुण. जायफळासारखं मागे रेंगाळणारं मात्र काही नव्हतं. द्रोण रिकामा झाला की गोष्ट संपली.

ही दारू मुरवत का नाहीत? मी आज्याला विचारलं. त्याला प्रश्नच कळला नाही.

का कळला नाही, ते मला पुढे आयरिश इतिहास वाचताना कळलं. आयर्लंडमध्ये व्हिस्कीची एक गरीब थोरली बहीण आहे, पोचीन. हा शब्दच 'छोटं मडकं' या अर्थाचा. शेतकरी डोंगरात, दलदलीच्या कडेला, लहान भट्टीत ती गाळत. 1661 मध्ये दारूवर कर बसला आणि कर न भरता गाळलेली पोचीन चोरटी झाली. त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षं ती लपूनच राहिली. आयर्लंडमध्ये तिची उघड विक्री 1997 मध्ये मान्य झाली आणि 2008 मध्ये युरोपीय संघानं तिला भौगोलिक मानांकन दिलं. या काळात अबकारीच्या माणसांचे आणि गाळणाऱ्यांचे जे सामने झाले ते वाचताना नावं बदलली तर आपल्याकडच्या वाटाव्यात. ईनियस कॉफी नावाच्या अबकारी अधिकाऱ्याला 1810 मध्ये डॉनेगलमध्ये अशाच लोकांनी मरेस्तोवर मारलं. तो वाचला, नोकरी सोडली आणि 1830 मध्ये सलग चालणाऱ्या उभ्या भट्टीचं पेटंट घेतलं. आयरिश कारखानदारांनी ती भट्टी नाकारली, स्कॉटलंडनं उचलली आणि जगाचा बाजार काबीज केला. आयर्लंडच्या व्हिस्कीला मारणारं यंत्र आयरिश अबकारी खात्याच्या माणसानंच काढलं, यावर तिकडचे लोक आजही पेल्यात पाहून सुस्कारा टाकतात.

पोचीन कधी मुरवली गेली नाही. कशी मुरवणार? ज्याच्या दारात रात्री शिपाई येऊ शकतो, तो बारा वर्षांचा हिशोब करत नाही. तो आज गाळतो आणि उद्या संपवतो. उलट परवानेवाल्याची पिंपं सरकारी कुलपात, अबकारीच्या देखरेखीखाली असत. कर माल बाहेर निघताना भरायचा, म्हणून थांबायला हरकत नसे. आणि तीन वर्षांच्या नियमाचं मूळही चवीत नाही. पहिल्या महायुद्धात कामगार फार पितात म्हणून ब्रिटिश सरकारनं 1915 मध्ये कच्ची दारू विकण्यावर बंदी आणली. आधी दोन वर्षं, मग तीन. बाटलीवरचा आकडा हे लाकडाचं काम खरंच, पण त्याच्याही आधी ते कुलपाचं काम आहे.

आपल्याकडचं कुलूप दुसऱ्या बाजूनं लागलं. एकोणिसाव्या शतकात मुंबई शहराला मोहाचीच दारू पुरवली जाई, उरणच्या भट्ट्यांतून, आणि त्या धंद्यात पारशी घराणी मोठी होती. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानं गावोगावची गाळण मोडून ती मक्तेदारांकडे नेली. 1892 च्या मोहरा कायद्यानं ठाणे-कुलाब्याकडे फुलं जवळ बाळगण्यावरच बंधनं आली. म्हणजे दारू नव्हे, झाडाखाली पडलेलं फूल संशयित. आपला भाग तेव्हा मध्य प्रांतात, भंडारा जिल्ह्यात होता, म्हणून तो कायदा इथं नव्हता. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे 1949 चा दारूबंदी कायदा त्याच्या नियमांसकट इकडेही आला. मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि नेणं यांवरचे निर्बंध राज्य सरकारनं उठवले ते 2021 मध्ये. फूल सुटलं, घरची दारू अजून आत आहे.

हे लिहिताना मी मोहाच्या दारूचा वकील झालेलो नाही. आज्यानं स्वतः गाळणं सोडलं ते पोलिसांना भिऊन नव्हे. गावातल्या बचत गटाच्या बायकांनी एका दुपारी सगळी मडकी फोडली, त्यांत त्याची सून पुढे होती. शेजारच्या गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, तीही लोकांच्या, विशेषतः बायकांच्या चळवळीतून आलेली. चंद्रपुरात 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. बाजारू हातभट्टीत मोहाचं नावच उरतं. आत काळा गूळ आणि नवसागर असतो. 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसं मेली ती कुठल्याही फुलानं नव्हे, मिथेनॉलनं. चाखणं आणि ढोसणं यांतलं अंतर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही, पण घरातल्या बाईला ते दुरून कळतं.

समजा, उद्या कुणी रीतसर परवाना काढून मोहाची दारू गोंदियात पिंपात भरली. काय होईल? पिंपातून दर वर्षी काही दारू उडून जाते. तिकडे तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. आयर्लंडच्या गार, दमट हवेत हा वाटा वर्षाला साधारण 2 टक्के. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीत तो 10 टक्क्यांच्या पुढे जातो. त्यांनी आपल्या एका व्हिस्कीचं नावच 'हावरे देवदूत' अशा अर्थाचं ठेवलं आहे. हिशोब करून पाहा. 100 लिटरचे बारा वर्षांनी आयर्लंडमध्ये 78 उरतील, 10 टक्क्यांनी 28. गोंदियाचा उन्हाळा 45 अंशांना शिवतो, म्हणजे इथले देवदूत बंगळुरूपेक्षा तहानलेले निघणार. पण उष्णतेत लाकूडही भराभर उतरतं, त्यामुळे बारा वर्षं थांबायची गरजच पडणार नाही. दोन-तीन उन्हाळे पुरे. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची व्हिस्की अशीच लवकर वयात येते. मोहालाही आता बाटली मिळू लागली आहे : गोव्यात 2018 मध्ये डेस्मंडजीनं मोहाची दारू बाजारात आणली, आणि आपल्या डहाणूत साउथ सीज डिस्टिलरीजनं 2024 मध्ये 'सिक्स ब्रदर्स' नावाची महुरा आणली. या बाटल्यांच्या किमती पाहिल्या तर पहाटे अस्वलाच्या आधी झाडाखाली पोचणाऱ्या बाईला त्या कधी परवडतील असं वाटत नाही.

भाचा डब्लिनला परत गेला. बाटलीत तळाशी चार बोटं उरली होती. मी ती खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीत भरून सालेकशाला आज्याकडे नेली. तो ओसरीवर दोरी वळत बसला होता. सून घरात नाही याची त्यानं आधी खात्री केली. मग स्टीलच्या वाटीत घोटभर घेतली, चार थेंब जमिनीवर सोडले, उजेडात वाटी तिरपी करून रंग पाहिला आणि हुंगली. कुणी न शिकवता त्यानं वाटी हनुवटीशी धरली होती.

"लाकूड आहे यात," तो म्हणाला. घोट घेऊन बराच वेळ गप्प राहिला, जीभ टाळूला लावून पाहिली. "आन्‌ मनुका. जाऊनबी जात नाही तोंडातून. किती दिसाची?"

"बारा वर्षांची. पिंपात भरून ठेवलेली."

"बारा वर्सं? एकाच जागी?"

"एकाच जागी."

आज्यानं वाटी खाली ठेवली, रस्त्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "आन्‌ कोनी आलं नाही?"